डांबर खात्यातली पाहुणी

माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे कुणीतरी सकाळपासून मोज्यांबद्दल ओरडत होतं.

"डावा, आजोबा. डावा पाय."

मग जरा शांतता. संपलं एकदाचं, असं मला वाटलं... तोच पुन्हा, "दोन्ही मोजे सारखेच असतात हे मला मान्य आहे, पण तुम्ही ते एकाच पायात घातलेत."

एरवी मी खो खो हसले असते. पण हसायलाही बंदी होती. नुकतीच माझ्या स्वरतंतूंवरची बारीक गाठ काढली होती आणि घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं — मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजही नाही, कुजबुजीने घसा जास्त ताणतो. आमच्या घरी आई, दोन काकू, त्यांच्या सुना आणि अखंड बडबडणारी एक भाची. तिथे गप्प बसणं म्हणजे रुसणं, आणि रुसलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी सुखाने सोडत नाही. म्हणून पुढची तपासणी होईपर्यंत बाबांनी मला दवाखान्याच्याच गावात, या मोटेलमध्ये आणून ठेवलं होतं. शांत जागा आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे.

मोटेल कसलं, दोरखंडाच्या जुन्या कारखान्यातल्या कामगारांची घरं होती ती. एकमेकींना खेटून उभी असलेली, बुटक्या दारांची लांबच लांब रांग. कारखाना बंद पडल्यावर ती पाडायची ठरली होती. मग कुणीतरी ती वाचवली, रंगवली, आत गरम पाण्याचे नळ आणले आणि समोर गाड्या लावायला जागा केली. दारांना नंबर नव्हते. ज्या घरात ज्या खात्याचा माणूस राहायचा, त्या खात्याचं नाव दारावर तसंच ठेवलं होतं — विंचरणी, पीळ, गुंडाळणी. मी डांबर खात्यात होते. दुपारचं ऊन आलं की चौकटीच्या लाकडाला अजून डांबराचा अंधुक वास यायचा. उंबरठा मधोमध झिजून बशीसारखा झालेला, छताला पाळण्याची कडी, आणि भिंती एका विटेच्या जाडीच्या. त्या भिंतींनी कधी कुणाचं गुपित राखलं असेल, असं वाटत नव्हतं.

मोज्यांनंतर चष्म्याचा विषय सुरू झाला. तेव्हा मात्र मी भाचीची आणलेली पाटी उचलली, मोठ्या अक्षरांत 'कृपया हळू बोला' असं लिहिलं आणि शेजारचं दार वाजवलं.

दार उघडणाऱ्याच्या हाताला कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. त्याच्यामागे खुर्चीत एक आजोबा बसले होते. अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची. पाटी वाचून त्याचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं, आणि तोंड मोठं करून, एकेक अक्षर सुटं करत, अजिबात आवाज न काढता म्हणाला — माफ करा.

मी पाटी पुसून लिहिलं, 'मला ऐकू येतं. नको तितकं येतं.'

तो हसला. "मग बोलता का येत नाही?"

'डॉक्टर.'

"म्हणजे तुम्हाला बोलायचं नाही, आजोबांना ऐकू येत नाही, आणि मधल्या मधे मी. कठीण आहे माझं."

डोळे हसत होते त्याचे. मी तोंड वाकडं करून परत आले. पण त्या दिवशी पलीकडचा आवाज खरंच उतरला होता... आणि मी मात्र भिंतीकडे कान लावून बसले होते.

संध्याकाळी तो चहा घेऊन आला, माफीचा म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आणला. तो कशाचा, ते सांगितलं नाही. हळूहळू कळलं ते असं — मोटेल तो आणि त्याचे मामा मिळून चालवत. आजोबा दोरखंडाच्या कारखान्यात पीळ खात्यात होते. सगळे घरं सोडून गेले तेव्हा हे हलले नाहीत. याच खोलीत बायको आणली, याच खोलीत पोरं वाढवली, आता मला कुठे नेता, म्हणाले. मोटेल झालं तेव्हा रांगेतली सगळी घरं पाहुण्यांना गेली, पीळ खातं मात्र आजोबांचंच राहिलं. हा तेव्हा दूरच्या शहरात एका मोठ्या हॉटेलात कामाला होता. आजोबांचे कान गेले तसा तो नोकरी सोडून परत आला. कानाचं यंत्र आणून दिलं, तर त्यात भांडी वाजतात म्हणून आजोबांनी ते उशीखाली ठेवून दिलं. तेव्हापासून हा ओरडतो आहे.

लहानपणी फार किडकिडीत होता म्हणून आजोबा त्याला सुतळी म्हणत. आता खांदे चांगले रुंद झाले होते, पण नाव तेच. माझं नाव त्याने विचारलं, तेव्हा मी लिहिलं, 'पाहुणी.'

"बरं, पाहुणीबाई," तो म्हणाला. तेच पुढे रुळलं.

खरं सांगायचं तर बाजारात माझं दुसरंच नाव होतं. बाबा फुलांच्या बाजारात ओट्यावर उभं राहून लिलाव पुकारायचे. त्यांच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा तो ओटा मी घेतला. पहाटे गाड्या लागल्या की गुलाब, शेवंती, निशिगंध — एकेका टोपलीची बोली लावून घ्यायची, तीही त्या गोंगाटाच्या वरच्या पट्टीत. माझा आवाज मुळातच जाड, खर्जातला. शेवटच्या गाळ्यापर्यंत जायचा. बाजारातली माणसं प्रेमाने मला भोंगा म्हणत. पण त्याच आवाजापायी माझं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाच्या आईने निरोप धाडला होता, मुलगी गुणी आहे, पण बोलली की अंगावर ट्रक आल्यासारखं वाटतं. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. मी जेवले होते, पण चव आठवत नाही.

हे सगळं पाटीवर मावणारं नव्हतं. मावलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

रांगेच्या मागे कारखान्याची जुनी शेड होती. अरुंद, पण इतकी लांब की या टोकाचा माणूस त्या टोकाला बाहुलीएवढा दिसावा. पूर्वी तिथे दोर वळायचे. आता पुढच्या भागात पाहुण्यांचा नाश्ता व्हायचा, आणि बाकीच्या भागात सुतळी रोज सकाळी आजोबांना फिरवायचा. आजोबा उलटे चालायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकलेच. सुतळीने सांगितलं की पीळ खात्यातली माणसं कमरेला ताग गुंडाळून, बोटांनी सोडत सोडत, आयुष्यभर अशीच मागे मागे चालायची. आजोबांचे गुडघे पुढे चालताना कुरकुरत, मागे चालताना नाही.

"तुम्ही करून बघा," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"घाबरता?"

हे लिहून उत्तर देण्यासारखं नव्हतं, करून देण्यासारखं होतं. मी पाठ फिरवली आणि चालू लागले. तो माझ्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर, माझ्याकडे बघत पुढे येत होता. मागे जाताना काही दिसत नाही, दिसतो फक्त समोरचा माणूस. त्याच्या भुवईत एक जुना व्रण होता, तो मला तेव्हा दिसला. माझी टाच फळीच्या फटीत अडकली, मी कलंडले, आणि त्याने मनगट धरलं. लगेच सोडलंही... पण आधी अगदी थोडं थांबून.

"पुढे पाहून चालणाऱ्यांनाच ठेच लागते असं ऐकलं होतं," तो म्हणाला.

आजोबा आमच्याकडे पाहत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण डोळे शाबूत होते.

एका दुपारी पाऊस आला. आजोबा झोपले होते, पाहुणे कुणी नव्हते, आणि आम्ही दोघं शेडमध्ये टेबलं पुसत होतो. म्हणजे तो पुसत होता आणि मी बसायला गेले होते, पण हातात फडकं कधी आलं ते मलाच कळलं नाही. वर पत्रा. सरी अशा कोसळायला लागल्या की तो काय बोलतोय ते काही ऐकू येईना. त्याने दोनदा सांगायचा प्रयत्न केला, मग माझ्या पुढ्यातली पाटी ओढली आणि लिहिलं, 'आता आपण सारखे.'

मी लिहिलं, 'अक्षर वाईट आहे.'

'माझा आवाज चांगला आहे.'

'शेजाऱ्यांना विचारा.'

त्या पावसात आम्ही पाटी इकडून तिकडे किती वेळा सरकवली असेल... बोटांना बोटं लागत होती, आणि दोघंही ते न कळल्यासारखं करत होतो. दारातून ओल्या मातीचा गारवा येत होता. सर ओसरली तेव्हा पत्र्यावर नुसती टपटप उरली. त्याने पाटी माझ्याकडे सरकवली. मग टेबलाकडे बघत म्हणाला,

"दिवसभर ओरडून ओरडून माझं डोकं भणाणतं. तुमच्याजवळ आलं की शांत वाटतं. असं माणूस मला आधी भेटलं नाही."

कुणाही मुलीला आवडावं असंच बोलला तो. मला मात्र आत कुठेतरी लख्ख कळलं की माझं इथलं सुख उधारीचं आहे. त्याला आवडली होती ती एक शांत, पाटीवर दोन शब्द लिहून हसणारी पाहुणी. ती मी नव्हते. ती माझी गाठ काढल्यानंतरची सक्ती होती. घसा बरा होईल, भोंगा परत वाजेल, आणि मग याच्या डोक्याला अजून एक भणभण. मी पाटी पुसली आणि काही न लिहिता खोलीत गेले.

पुढचे दिवस मी चहा दारातच घेतला. शेडकडे गेले नाही. त्याने एकदा विचारलं, माझं काही चुकलं का. मी 'नाही' लिहिलं. ते खरंही होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, समाधानाने मान डोलावली आणि 'आ' म्हणायला सांगितलं. मी घाबरत घाबरत तोंड उघडलं. आवाज आला... तोच. जाड, खर्जातला, किंचित खरखरीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हा आवाज मला इतका हवा होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, आता थोडं थोडं बोलायला हरकत नाही, पण बाजारात यापुढे माईक घ्यायचा. घसा फाडून ओरडायचे दिवस संपले. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि नीट शब्दांत आभार मानले. इतक्या दिवसांनंतरचे माझे पहिले शब्द आभाराचे होते, याचं मला अजून बरं वाटतं.

परत येताना मी ठरवलं, सामान बांधायचं, पाटीवर दोन ओळी लिहून द्यायच्या आणि संध्याकाळची बस धरायची. त्याच्या मनातली शांत पाहुणी तशीच राहू दे.

मोटेलवर पोचले तर पीळ खात्याचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. मागे गेले. शेडमध्ये त्या दिवशी नळदुरुस्तीचं काम काढलं होतं. पार टोकाकडच्या फळ्या उचकटून खाली खड्डा केलेला, आणि कामगार कुठेतरी जेवायला गेलेले. आजोबा झोपेतून उठून एकटेच फिरायला आले होते. पाठ खड्ड्याकडे, नजर खाली हातांवर, बोटं तागाचा धागा सोडत असल्यासारखी हलती, आणि पावलं संथ, मागे, मागे. सुतळी दुसऱ्या टोकाकडून धावत सुटला होता, हातातली पाहुण्यांची बॅग फेकून, आणि जिवाच्या आकांताने ओरडत होता. "आजोबा, थांबा. आजोबा." त्याचा आवाज वर चढून फाटला होता. आजोबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मी बाजूच्या दारात होते. त्याच्यापेक्षा जवळ, पण हात पोचण्याइतकी जवळ नाही. बाबांनी मला ओट्यावर उभं केलं तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आवाज घशातून काढायचा नसतो, पोटातून सोडायचा असतो. मी ओरडले नाही. श्वास भरला आणि सोडला.

"आजोबा, थांबा."

ते थांबले. एक पाय मागे टाकायला उचललेला, तो त्यांनी जागच्या जागी ठेवला, आणि मान वळवून विचारलं, "कोण बोललं?"

सुतळी पोचला, त्याने त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि खड्ड्यापासून लांब आणून बाकावर बसवलं. आजोबा मात्र माझ्याकडेच बघत होते.

"तू बोललीस, पोरी? अजून बोल बरं."

मी जवळ जाऊन, साध्या आवाजात म्हटलं, "मागे खड्डा होता, आजोबा. एकटं फिरायला जाऊ नका."

"जाणार नाही," ते म्हणाले. मग नातवाकडे वळले. "ही ओरडत नाही बघ. तरी मला नीट ऐकू येतं. तू मेल्या बारीक आवाजात किंचाळतोस, मला नुसती शिट्टी ऐकू येते." त्यांच्या पिकल्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. किती तरी दिवसांत कुणी आपल्याशी न ओरडता बोललं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

त्यांना खोलीत नेऊन निजवल्यावर आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसलो. मग मी बोलले. सगळंच सांगून टाकलं — फुलांचा बाजार, ओटा, भोंगा, मोडलेलं लग्न, ट्रक. म्हटलं, "हा माझा आवाज. तुम्हाला शांत माणूस आवडतं. मी शांत नाही. मला फक्त बंदी होती."

तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "मी शांत वाटतं म्हणालो. गप्प बसा असं नव्हतो म्हणालो."

"त्यात काय फरक आहे?"

"इथे माझं बोलणं कुणी ऐकत नाही. आजोबांना ऐकू येत नाही, पाहुणे चावी घेतात आणि जातात. तुम्ही ऐकत होता. मी काही बोललो की पाटी बाजूला ठेवून ऐकत होता. त्याने शांत वाटायचं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि मघाशी तुम्ही हाक मारलीत ना... त्या आवाजाचे आभार कसे मानायचे, ते मला कळत नाही. तो मला रोज ऐकायला मिळावा, एवढंच मनात येतं."

माझे कान तापले. तो तेवढ्यात सावरला, आणि त्याचे डोळे पुन्हा पहिल्या दिवसासारखे हसले. पायरीशेजारी झिनियाची रोपं होती. त्याने चार फुलं खुडून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, एकदा पुकारून दाखवा, हळू आवाजात, घशाला त्रास न देता.

मी म्हटलं, "ताजी झिनिया, आत्ताच खुडलेली. काय बोली लावता?"

"रोज सकाळचा चहा."

"तो आत्ताही मिळतो. वर चला."

"चहा, आणि पीळ खात्यातले एक आजोबा."

"आजोबा आधीच माझ्या बाजूने आहेत. वर चला."

त्याचं हसू गेलं नाही, पण खाली बसलं, स्थिर झालं.

"माझं पुढचं सगळं आयुष्य."

मी फुलं खाली घेतली. म्हटलं, "हे चेष्टेत बोलू नका. बाजाराचा नियम आहे, एकदा लावलेली बोली मागे घेता येत नाही."

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आता माहीत झालं. तरी तीच."

मी फुलं त्याच्या ओंजळीत ठेवली. माझा हातही तिथेच राहिला.

"दिली," मी म्हटलं.

बस मी दुसऱ्या दिवशीची धरली. डांबर खात्याचं दार लावताना मी त्या चौकटीवरून हात फिरवला. कधीतरी त्या खोलीत डांबराने काळे झालेले हात धुऊन कुणी जेवायला बसलं असेल, त्या कडीला कुणाचं तान्हं झुललं असेल. त्या माणसांनी भिंती पातळ बांधल्या नसत्या तर मोज्यांचं भांडण मला ऐकू आलं नसतं. मी मनातल्या मनात त्यांनाही धन्यवाद दिले.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून. त्यांनी आधी मला बोलायला लावलं. काहीही बोल, म्हणाले. मी प्रवासाबद्दल बोलले, डॉक्टरीणबाईंबद्दल बोलले, माईकबद्दल बोलले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग मी म्हटलं, "बाबा, तिथे मला एक जण आवडलाय. त्यालाही मी आवडते."

त्यांनी डोळे उघडले. काय करतो, हे विचारलं, मी सांगितलं. घरी कोण, हे विचारलं, आजोबांबद्दल सांगितलं. आमच्या या फुलांच्या कामाचं काय, असं त्यांनी विचारलं नाही, तरी मीच सांगितलं की त्याच्या गावातही बाजार भरतो आणि तिथेही कुणीतरी पुकारावं लागतंच. त्यांनी पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. ते लग्न मोडलं त्या दिवसापासून हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

"त्याने तुझा आवाज ऐकलाय?" त्यांनी विचारलं.

"ऐकलाय."

"मग?"

"अजून बोल म्हणतो, बाबा."

बाबांनी गुडघ्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली, खुर्चीच्या हातांना धरून उभे राहिले, आणि आतल्या घराकडे तोंड करून, बाजार सोडल्यापासून कधी लावला नव्हता अशा खड्या आवाजात आईला हाक मारली.